फोटो, डिझाईन, एडिटिंगच्या लाईनीत यायचंय, घरची परिस्थिती बेताची आहे : नाशिकच्या पोरांनी कुठल्या क्रमाने जायचं

दहावी-बारावीचा निकाल लागला की तेच सुरू होतं. पोरगं घरी सांगतं मला फोटोग्राफी करायचीय, आई बचत गटातून उचल घेते, क्लासची फी भरते, तीन महिन्यांनी सर्टिफिकेट हातात येतं आणि दिवाळीनंतर तेच पोरगं अंबडला कंपनीत हेल्पर म्हणून दिसतं. पोरगं कच्चं असतं असं नाही, क्रम उलटा असतो. फी आधी, कॅमेरा त्याच्या मागोमाग, काम कुठे मिळणार हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

मी सिडकोत डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर टाईप करून छपाईसाठी मांडायचं काम) आणि फ्लेक्स डिझाईनचं काम करते आणि रविवारी वस्तीतल्या पोरांचे फॉर्म भरून देते, त्यामुळे कोण कुठे अडकतं ते रोजच बघते. हे पोरांसाठी आहे, पण त्याहून जास्त त्यांच्यासाठी जे ताई-दादा अशा पोरांच्या मागे उभे राहतात. मधला टप्पा गाळू नका, गाळलात तर पुढे परत तिथेच यावं लागतं.

टप्पा १ : आधी कागद, आणि ते निकालाच्या आधी

निम्मी पोरं इथेच गळतात, कारण फुकटची सीट असते पण दाखला नसतो.

पहिलं काम म्हणजे आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आधारवर वडिलांचं नाव "बाळू" आणि दाखल्यावर "बाळासाहेब" असेल तर आजच आधार सुधारून घ्या, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी आधार केंद्रावर किती गर्दी असते ते सांगायला नको. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का तेही बघा, बऱ्याचदा तो काकाचा जुना नंबर निघतो जो केव्हाच बंद पडलाय, मग ओटीपी येणार कुठून?

मग जातीचा दाखला. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. नुसता वडिलांचा कागद बऱ्याचदा पुरत नाही, ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे व्यवहारात आजोबा किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा शोधायचा. नाशिकच्या वस्त्यांमधली कितीतरी घरं जालना, बीड, परभणी, धुळ्याकडून आलेली आहेत, त्यांचा दाखला साधारणपणे मूळ जिल्ह्यातूनच निघतो, इथल्या तहसीलला चार फेऱ्या मारून शेवटी हेच कळतं. दिवाळी किंवा यात्रेला गावी जाल तेव्हा शाळेत जाऊन उतारा घेऊन या, वेगळी फेरी मारायला लागत नाही.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर नॉन क्रिमीलेयर, हे सगळं आपले सरकार सेवा केंद्रातून होतं. सरकारी फीचा बोर्ड तिथेच लावलेला असतो, तो वाचून मगच पैसे द्या.

थांबा: बँक खातं "आधार लिंक" असणं वेगळं आणि विद्यावेतन जमा होण्यासाठी खातं आधारशी "सीड" असणं वेगळं. बँकेतला माणूस "लिंक आहे" म्हणतो आणि पैसे कुठल्यातरी जुन्या झिरो बॅलन्सच्या खात्यात जाऊन पडतात. बँकेत स्पष्ट विचारा, डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग याच खात्याला आहे का. शंका असेल तर पोस्टात पेमेंट्स बँकेचं खातं काढा, आधारवर उघडतं.

शाळा मध्येच सुटलेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. तेवढ्यासाठी सगळं थांबवू नका, पुढची पावलं चालू ठेवून अभ्यास होतो.

टप्पा २ : पंधरा दिवस नुसतं बघा

हा टप्पा कोणीच करत नाही. पोरं इन्स्टावर मुंबईतल्या फॅशन फोटोग्राफरचं काम बघतात आणि तेच डोक्यात घेऊन क्लासला जातात. नाशकात पैसे कशाचे मिळतात ते आधी रस्त्यावर उतरून बघा. मेनरोड, रविवार कारंजा, शालिमार, सिडको, नाशिकरोड, जिथे जवळ पडेल तिथे फिरा. फ्लेक्सची दुकानं, लग्नाचे स्टुडिओ, पत्रिका छापणारे, शाळांची आयडी कार्डं करणारे, सातपूर-अंबडच्या कंपन्यांची लेबलं आणि खोके छापणारे प्रेस, मिसळवाल्यांच्या रील्स करणारी पोरं. दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाच्या सीझनला पेट्यांवरचं छपाईचं काम निघतं, ते शहरातल्या पोरांना माहीतच नसतं. आणि २०२७ चा सिंहस्थ आहे, तेव्हा बोर्ड, बॅनर, व्हिडिओची कामं निघणारच, फक्त ती ऐन वेळी शिकायला निघालेल्यांना मिळत नाहीत.

प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारा. तुमच्याकडे कोणत्या महिन्यांत काम जास्त असतं? नवीन पोराला पहिल्या दिवशी काय करायला देता? कुठल्या गोष्टीसाठी तुम्हाला माणूस मिळत नाही? तिसऱ्याचं उत्तर वहीत लिहून ठेवा. माझ्या ओळखीतल्या पाचात चार दुकानदारांचं उत्तर एकच असतं, ते म्हणजे मराठी शुद्ध आणि झटपट टाईप करणारा. डिझाईन शिकलेले ढिगाने येतात, "शुभेच्छुक" बरोबर लिहिणारा सापडत नाही.

तपासा: पंधरा दिवसांनंतर वहीत किमान आठ ठिकाणं आणि त्यांची उत्तरं आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका, फी भरायची तर अजिबात नाही.

टप्पा ३ : एकच लाईन, आणि ती हातातल्या मोबाईलवर तपासायची

"मला फोटो पण येईल, एडिटिंग पण, डिझाईन पण" असं म्हणणाऱ्याला तिन्हीत कोणी घेत नाही. एक निवडा. निवडण्यासाठी पैसे लागत नाहीत.

डिझाईनचं डोकं आहे का बघायचंय? चौकातला एखादा वाढदिवसाचा बॅनर फोटो काढून आणा आणि मोबाईलवर जसाच्या तसा पुन्हा बनवा, नावांसकट. फोटोचं बघायचंय तर एकाच चहाच्या टपरीचे सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी साडेसहाला फोटो काढा, असं सलग आठ दिवस. एडिटिंग असेल तर घरातल्या कुठल्याही कार्यक्रमाचा एक मिनिटाचा व्हिडिओ, गाणं न लावता, फक्त माणसांचे आवाज ठेवून कापा.

कसं झालं ते महत्त्वाचं नाही. चौथ्या दिवशी पोरगं कंटाळलं का ते बघा. कंटाळलं तर लाईन बदला, अजून एक रुपया गेलेला नाही. मी एकाला फोटोग्राफीत घालायला निघाले होते, तो टपरीचे फोटो सोडून टपरीचा बोर्ड रंगवून आला, आज तो रंगाने बोर्ड लिहिण्याचं काम करतो आणि फ्लेक्सच्या जमान्यातही त्याला कॅफेवाले शोधत येतात.

येवल्याच्या बाजूचे असाल आणि हातात चिकाटी असेल तर पैठणीचा माग हीसुद्धा डिझाईनचीच लाईन आहे, पण ती ओळखीच्या विणकराकडे मागावर बसूनच शिकायची असते आणि वेळ जास्त लागतो. चार महिन्यांत कमाई हवी असेल तर तिकडे जाऊ नका.

टप्पा ४ : सीट शोधायची, फुकटची आधी

क्रम असा ठेवा: सरकारी आयटीआय, मग आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था), मग कौशल्य विकासचे छोटे मोफत कोर्स आणि सगळ्यात शेवटी खासगी क्लास.

आयटीआयमध्ये फक्त फिटर-वेल्डर नसतं. डेस्कटॉप पब्लिशिंग, डिजिटल फोटोग्राफर, फॅशन डिझाईन, इंटिरियर, मल्टिमीडिया-ॲनिमेशन असे एक वर्षाचे ट्रेड आहेत, शिवणकाम आणि लाकूडकामासारख्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतं. मात्र प्रत्येक आयटीआयला प्रत्येक ट्रेड नसतो, म्हणून नुसतं सातपूरच्या आयटीआयचं नाव टाकून मोकळे होऊ नका, जिल्ह्यातल्या बाकीच्या आयटीआयची यादी पोर्टलवर बघा. प्रवेश राज्यभर ऑनलाईन एकाच ठिकाणाहून होतो आणि त्यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे फॉर्म भरला की झालं असं वाटतं, पण कागद तपासून अर्ज निश्चित केल्याशिवाय तो धरत नाहीत, आणि त्यानंतर पर्याय वेगळे भरावे लागतात. दुसरी चूक जास्त महागात पडते. मित्राने टाकला म्हणून पहिल्या नंबरला भलताच ट्रेड टाकतात. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिल्या नंबरवर तेच टाका जे खरंच हवंय.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या गावातल्या पोरांनी आरसेटीला आधी विचारावं. बँकांकडून चालणाऱ्या या संस्था ग्रामीण तरुणांसाठी असतात, शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत, आणि त्यांच्या कोर्समध्ये फोटोग्राफी-व्हिडिओग्राफीपण आहे. बॅच वर्षभर नसते, नाव आधी नोंदवून ठेवायचं.

खासगी क्लासला जायचंच असेल तर "सरकारमान्य" या शब्दावर विश्वास ठेवू नका. विचारा, सर्टिफिकेटवर कोणत्या मंडळाचं नाव येणार? मग त्या मंडळाच्या साईटवर जाऊन त्या क्लासचं नाव शोधा, क्लासने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नाही. एक दिवस मागच्या बाकावर बसू द्या म्हणून सांगा. बसू देत नसतील तर उठून या.

थांबा: "फी हप्त्याने, काही टेन्शन नाही" असं म्हणून आईच्या आधार-पॅनवर सही घेतात तेव्हा ते क्लासचे हप्ते नसतात, फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. पोरगं महिन्याभरात क्लास सोडतं, हप्ता चालूच राहतो आणि वसुलीचे फोन आईला येतात. सही करण्याआधी कागदाच्या वर कोणाचं नाव आहे ते वाचा.

टप्पा ५ : शिकत असतानाच हाताखाली लागा

कोर्स संपल्यावर नाही, कोर्सच्या दुसऱ्या महिन्यापासून. वहीतली आठ ठिकाणं आता कामाला येतात. "जॉब आहे का" असं विचारत जाऊ नका, "तुम्ही म्हणाला होतात मराठी टायपिंगला माणूस नाही, मी संध्याकाळी तीन तास येऊ का" असं विचारा.

लग्नाच्या स्टुडिओत सुरुवातीला लाईट धरायला, बॅटऱ्या चार्ज करायला आणि मेमरी कार्डं सांभाळायला मिळेल. त्याला कमी समजू नका, पण त्यालाही हद्द असते. आधीच ठरवा: किती दिवस, किती तास, येण्याजाण्याचं आणि जेवणाचं काय, आणि महिन्याभरानंतर किती मिळणार. तोंडी ठरलं तरी घरी येऊन व्हॉट्सअ‍ॅपवर "दादा, आज ठरल्याप्रमाणे..." असा एक मेसेज टाकून ठेवा, भांडण नको असेल तर हाच मार्ग आहे. "शिकायला मिळतंय ना" म्हणत सहा महिने फुकट राबवणारे आहेत. एक महिना ठीक, दुसऱ्या महिन्यात हातात काही पडत नसेल तर दुसरीकडे बघा.

१४ वर्षांखालच्या पोराला कुठेच कामाला पाठवायचं नाही, तो गुन्हा आहे, "नुसतं बघायला बसेल" हेसुद्धा नको. मुलींना रात्रीच्या लग्नांना पाठवताना परत सोडायला कोण येणार हे बुकिंगच्या वेळीच ठरवा. सिटीलिंकची शेवटची बस निघून गेलेली असते आणि मग पुढच्या कामाला घरचे पाठवतच नाहीत, एवढ्यावरून चांगल्या हाताच्या मुली लाईन सोडतात.

छापखाना किंवा एजन्सी मोठी असेल तर अप्रेंटिसशिपचं, म्हणजे विद्यावेतनावर शिकाऊ म्हणून लागण्याचं, विचारा. ३० किंवा जास्त माणसं असतील तिथे अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, ४ ते २९ असतील तिथे मालकाच्या मर्जीवर. विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार भरतं, हे बऱ्याच छोट्या मालकांना माहीत नसतं. तुम्ही सांगितलंत तर काहीजण तयार होतात. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी झालेली असली पाहिजे, तोंडी अप्रेंटिस असा काही प्रकार नाही.

टप्पा ६ : पहिल्या कामात हमखास होणारे घोटाळे

हे कुठल्याच क्लासमध्ये नीट सांगत नाहीत म्हणून इथे जरा रेंगाळते.

आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने मैत्रिणीच्या लॅपटॉपवर वाढदिवसाचा १० बाय ८ चा बॅनर बनवला, दिसायला झकास. फाईल पेनड्राईव्हवर आणून रात्री साडेनऊला मशीनवरच्या पोराला दिली. तिने वापरलेला फॉन्ट आमच्या मशीनवर नव्हता, प्रोग्रामने दुसरा लावला आणि "ज्येष्ठ"चे तुकडे झाले, दोन आडनावांच्या जागी नुसते चौकोन. मशीनवरचं पोरगं झोपेत, त्याने प्रिंट सोडलं. सकाळी सहाला कार्यकर्ते बॅनर न्यायला आले. तो अख्खा फ्लेक्स आजही आमच्या मागच्या पत्र्यावर ताडपत्री म्हणून अंथरलेला आहे आणि ती मुलगी रोज तो बघते. चूक तिची एकटीची नव्हती, मीच तिला सांगितलं नव्हतं की फाईल बाहेर देण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करायचे, मग समोर तो फॉन्ट नसला तरी चालतं. कोरलमध्ये (आम्ही डिझाईनला वापरतो तो प्रोग्राम) सगळं सिलेक्ट करून कन्व्हर्ट टू कर्व्ह, आणि त्याआधी मूळ फाईल वेगळ्या नावाने सेव्ह, कारण कर्व्ह झाल्यावर नाव सुधारता येत नाही.

फोटोशॉपमध्ये मराठी टाईप करताना वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट खराब नसतो. टाईपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा, प्रोग्राम बंद करून उघडा आणि नवीन फाईल घ्या. श्रीलिपीचे जुने फॉन्ट आणि युनिकोड (मोबाईलवर चालतं ते मराठी) एकमेकांत मिसळू नका, एकातलं दुसऱ्यात पेस्ट केलं की नुसता कचरा दिसतो.

फ्लेक्स लाकडी फ्रेमवर मागे दुमडून ठोकतात. चारी बाजूंनी किमान चार-पाच इंच रिकामे सोडा, नाहीतर खालच्या ओळीतल्या शुभेच्छुकांची नावं फ्रेमच्या मागे जातात आणि फोन तुम्हाला येतो. माप पूर्ण आकाराचं घेतलं तर ७२ डीपीआय (एका इंचातले ठिपके) पुरतं, ३०० करून जुना कॉम्प्युटर हँग करू नका. पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डाला मात्र ३००च.

छपाईआधी ग्राहकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके, फायनल" असं लिहून घ्या. फोनवरचं ओके धरायचं नाही. नावं मोठ्याने, उलट्या क्रमाने वाचा, म्हणजे डोळा सवयीने पुढे पळत नाही.

व्हिडिओवाल्यांनी हळदीच्या घरात शटर (एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, शटर दुसरंच ठेवलं की ट्यूबलाईट आणि एलईडीच्या माळांखाली सगळा व्हिडिओ लुकलुकतो आणि तो एडिटिंगमध्ये धड सुधारत नाही. आणि कार्ड! दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय, दोन्हीकडच्या फाईल उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कोणी कितीही घाई करो. फ्लेक्स परत छापता येतो, सप्तपदी परत होत नाही.

टप्पा ७ : दाखवायचं काम

आठ कामं बास. चाळीस टाकलीत तर बघणारा वाईट चारच लक्षात ठेवतो. त्यातली निम्मी खरी, ग्राहकाची असावीत, बाकीची सरावाची चालतील, पण "सराव" असं खाली लिहा. मालकाच्या कामात तुम्ही फक्त टायपिंग केलं असेल तर तेवढंच लिहा, नाशिकची लाईन छोटी आहे, दुसऱ्या दिवशी मालकापर्यंत पोचतं. लग्नातले फोटो दाखवण्याआधी घरच्यांना विचारा, लहान मुलांचे तर टाकूच नका.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते दाबून बारीक होतं आणि तुमचं चांगलं काम धुरकट दिसतं. एक पीडीएफ, नाव तुमच्या नावाने, "फायनल फायनल नवीन २" असं नको.

टप्पा ८ : पहिलं स्वतःचं काम आणि भाव

भाव शेजाऱ्याला विचारून ठरवू नका, तास मोजा. समजा एका पत्रिकेला टायपिंग, डिझाईन आणि तीन वेळा बदल धरून सहा तास गेले आणि तुम्ही ३०० रुपये घेतले, तर तासाला ५० पडले, त्यातून वीज, नेट आणि बसभाडं काढा. मग पुढच्या वेळी काय सांगायचं ते आपोआप कळतं. ओळखीतल्यांना स्वस्त द्यायचं असेल तर द्या, पण बिलावर पूर्ण भाव लिहून खाली सूट दाखवा, नाहीतर तोच तुमचा भाव म्हणून गल्लीभर पसरतो.

निम्मे पैसे आधी. बदल दोनदा, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. मूळ फाईल बाकी मिळाल्यावर. हे तिन्ही काम घेतानाच सांगायचं, नंतर सांगितलं की मावशीसुद्धा रागावते.

टप्पा ९ : कॅमेरा, कॉम्प्युटर आणि कर्ज

हे सगळ्यात शेवटी. भाड्याच्या कॅमेऱ्यावर दहा कामं झाली आणि दहाव्याचेही पैसे वसूल झाले की मग विकत घ्यायचा विचार करा. सॉफ्टवेअरसाठी पैसे नसतील तर इंकस्केप, गिम्प, दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती यांवर बरंच काम निघतं, मात्र आपल्याकडची बरीच फ्लेक्सची दुकानं कोरलवर चालतात तेव्हा दुकानात बसून तेही शिकून घ्या.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) करा, आधार-पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. हजार-दोन हजार मागणारा एजंट तोच फॉर्म भरतो जो तुम्ही मोबाईलवर भरू शकता. शिंपी, सुतार, कुंभार, मूर्तिकार, खेळणी बनवणारे अशा १८ पारंपरिक कामांतलं तुमचं काम असेल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा: वय १८ पूर्ण हवं, घरातल्या एकालाच मिळतं, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. फोटोग्राफर आणि डीटीपीवाले त्यात बसत नाहीत, एजंट "बसवून देतो" म्हणाला तरी नादी लागू नका.

त्यांच्यासाठी मुद्रा कर्ज आहे, शिशू गटात ५०,००० पर्यंत, तारण लागत नाही. बँकेत जाताना दहा कामांची बिलं, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट आणि ज्या वस्तूसाठी कर्ज हवंय तिचं दुकानदाराकडचं कोटेशन न्या. कोटेशन लेटरहेडवर, जीएसटी नंबर आणि सही-शिक्क्यासकट आणि तुमच्या आधारवरच्या नावाने घ्या. दुकानात "घरचे बाळू म्हणतात" सांगून तसंच लिहून आणलेलं कोटेशन मॅनेजरने परत पाठवलेलं मी दोनदा बघितलंय.